पहिल्या अर्धपुतळ्याची ऑर्डर: ब्राँझ की काळा दगड?

ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जीडी आर्ट (कलेची पदविका) झालेला एक मुलगा आहे, आतापर्यंत फायबरचीच कामं केलेली. त्याला तालुक्याच्या गावातल्या एका हायस्कूलकडून संस्थापकांचा अडीच फुटी अर्धपुतळा करायची पहिली मोठी ऑर्डर आलीय. पुतळा पटांगणात उघड्यावर बसणार. फोटो एकच, तोही १९६० च्या आसपासचा ग्रुप फोटो. समितीतले निम्मे म्हणतात पंचधातू, निम्मे म्हणतात काळा दगड. त्याचं विचारणं असं की कशात करू, किती सांगू, आणि खरं सांगा यावर पोट भरतं का.

भावा, मी सव्वीस वर्षं हेच करतोय, जास्त करून ब्राँझ, मधेमधे दगड. तुझा पहिला प्रश्न तिन्हीत सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे असं म्हटलं तर राग मानू नको. ब्राँझ की दगड हे समितीला पडलेलं कोडं आहे, कारण त्यांच्या डोळ्यासमोर उद्घाटनाच्या दिवसाचा पुतळा आहे. आपण बघायचं ते हे की चूक कुठपर्यंत निस्तरता येईल. मातीत नाक चुकलं तर अंगठ्यानं दाबलं, दोन मिनिटांचं काम. ब्राँझ ओतायच्या आधी तोच पुतळा मेणात करतात, त्या मेणात चुकलं तर गरम सुरीनं सावरता येतं पण थोडंच. धातूत चुकलं की कापा, वेल्डिंग करा, घासा, म्हणजे चार दिवस गेले आणि पैसे गेले ते वेगळे. आणि दगडात नाकाचा टवका उडाला की एक तर साहेब नकटे होतात नाहीतर सगळा चेहरा अर्धा इंच मागं घ्यावा लागतो. त्यामुळे मटेरियल कुठलंही ठरू दे, तुझं खरं काम मातीतच होणार आहे, आणि वेळ, पैसे, समितीच्या सह्या हे सगळं तिथंच अडकवून घ्यायचं.

काही गोष्टी जागा बघितल्याशिवाय मी पण सांगू शकणार नाही. समुद्र जवळ आहे का, वर छत्री बांधणार का, झाडाखाली आहे का (चिंच किंवा वड असेल तर पक्ष्यांची शीट हा मोठा विषय आहे, हसू नको), रात्री राखणदार असतो का, कारण ब्राँझ भंगारात जातं आणि चोराला ते माहीत असतं. फाउंड्री तुझ्यापासून किती लांब ते पण बघ. मी कोल्हापूर भागात असल्यामुळे ओतकाम करणारी माणसं मला हाकेच्या अंतरावर मिळाली, तुला मेणाचा पीस टेम्पोत घालून दोनशे किलोमीटर न्यायचा असेल तर ते भर उन्हाळ्यात करू नको एवढंच सांगतो.

आधी पंचधातूचं मिटवू. समितीतले लोक पंचधातू म्हणतात तेव्हा त्यांना देवाची मूर्ती आठवत असते, ज्यात सोनं चांदी पण घालतात. सार्वजनिक पुतळ्यात तसं कोणी घालत नाही. बहुतेक फाउंड्रीवाले तुला ८५-५-५-५ देतील, म्हणजे ८५ टक्के तांबं आणि पाच पाच टक्के कथील, जस्त, शिसं. काही जण ८८-१०-२ देतात, त्यात कथील दहा आणि जस्त दोन, तो गनमेटल महाग पडतो. दोन्ही चालतात. पण करारात ‘पंचधातू’ असा शब्द लिहू नको, सरळ टक्केवारी लिही. नाहीतर उद्या कोणीतरी तपासणी करून आणेल आणि म्हणेल सोनं कुठाय. आणि स्वस्तात ओतून देतो म्हणणाऱ्याकडे सावध राहा, जस्त वाढवून पितळच ओततात, पॉलिश केल्यावर पहिल्या दिवशी कोणाला फरक कळत नाही.

आता चेहरा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण पहिल्या ऑर्डरमध्ये सगळे इथंच आपटतात.

ग्रुप फोटोत संस्थापक मधल्या खुर्चीत असणार हे तुझं नशीब, कडेच्या माणसांची तोंडं लेन्समुळे रुंद होतात, मधली त्यातल्या त्यात बरी राहतात. पण टोपी असेल तर कपाळावर सावली असणार, डोळ्यांच्या खोबणी काळ्या असणार, आणि एका समोरच्या फोटोवरून नाक किती पुढं आलंय हे देव पण सांगू शकणार नाही. मग काय करायचं, तर घरच्यांना शोधायचं. मुलगा, नातू, पुतण्या, कोणीही. त्यांचे चारी बाजूंनी फोटो काढ, पण मोबाईल तोंडाजवळ धरून नाही, नाक फुगतं, लांबून झूम करून काढ. बाजूचा चेहरा, हनुवटी, कानाची ठेवण बऱ्याचदा घराण्यात उतरते, आणि कान जमला की अर्धा माणूस जमतो, हे मला माझ्या सरांनी सांगितलं तेव्हा पटलं नव्हतं. कॅलिपरनं नातवाच्या कपाळाची रुंदी, कानापासून नाकाच्या टोकापर्यंतचं अंतर मोजून ठेव. चष्मा, टोपी, कोटाची बटणं घरात पेटीत कुठंतरी सापडतात, ती मोजली तर फोटोचं माप लागतं. आणि वय कुठलं दाखवायचं ते आधी ठरव. मुलांना म्हातारे वडील आठवतात, समितीला भिंतीवरच्या फोटोतला चाळिशीतला माणूस पाहिजे असतो, आणि शिल्पकार बिचारा मधलं काहीतरी करून दोघांच्या शिव्या खातो.

एकदा एका शिक्षकांचा पुतळा करत होतो, मला वाटलं झालाच. समिती बघून गेली, छान म्हणाली. मग त्यांची मुलगी आली, वय ऐंशीच्या पुढं, नीट दिसत नव्हतं. तिनं विचारलं हात लावू का, म्हटलं लावा. मातीवर हात फिरवत डाव्या गालाशी थांबली आणि म्हणाली, इथं बाबांचा गाल आत होता, त्या बाजूच्या दाढा गेल्या होत्या, दाढी करताना आतून जीभ लावून गाल फुगवायचे. मी तेवढा एक खड्डा केला, जेमतेम चार मिलीमीटर, आणि ओठाचा कोपरा आपोआप चुकीचा वाटायला लागला, तो हलवला, मग डोळ्याखालचा भाग. तीन दिवस गेले. नंतर समितीतले दोघं जण परत आले तर म्हणाले आता सर वाटतात, आधी कोण वाटत होते कुणास ठाऊक. मग आधी छान का म्हणालात रे बाबांनो! पण तेच तर आहे, लोक तोंडावर छानच म्हणतात. म्हणून समितीच्या आधी घरच्या माणसाला आण.

मातीचं बाकी तुला माहीतच असेल. आतलं आर्मेचर म्हणजे सांगाडा चांगला मजबूत कर, डोक्याच्या भागात तारेला लाकडाचे छोटे क्रॉस म्हणजे बटरफ्लाय लटकव नाहीतर ओल्या शाडूचं वजन रात्रीत खाली बसतं आणि सकाळी साहेबांची मान आखूड झालेली असते. फडकं ओलं ठेव, वर प्लॅस्टिक. आणि माती पूर्ण झाली की ती चौथऱ्याच्या उंचीवर चढवून खालून बघ. हे नव्वद टक्के पोरं करत नाहीत. आपण डोळ्यासमोर ठेवून काम करतो आणि पुतळा बसतो सहा फुटावर, मग खालून फक्त हनुवटी आणि नाकपुड्या दिसतात. मान थोडी पुढं झुकव, वरची पापणी जरा जास्त बाहेर काढ म्हणजे डोळ्यात सावली पडेल. माप पण खऱ्या माणसाएवढं ठेवलं तर मोकळ्या पटांगणात पुतळा लहान पोरासारखा दिसतो, सव्वापट तरी पाहिजे. त्यात मेण आणि धातू थंड होताना आकसतात, मिळून दोन टक्क्यांच्या आसपास धर, ते माप वाढवूनच घे.

क्ले म्हणजे मातीचा पुतळा तयार झाला की समितीला बोलवून चारी बाजूंचे फोटो काढायचे, त्या फोटोंच्या प्रिंटवर सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या, तारखेसकट. पुतळा सार्वजनिक जागेत किंवा रस्त्याला लागून असेल तर कला संचालनालयाची क्ले मॉडेलला मान्यता आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हे पण लागतं, शाळेच्या आवारात आहे म्हणून गृहीत धरू नको, समितीला लेखी विचारायला लाव. माझं एक काम ब्राँझ ओतून तयार असताना परवानगीपायी चौदा महिने गोणपाटात गुंडाळून पडलं होतं.

आता ओतकाम. मोल्ड म्हणजे साचा, मेण, आत कोअर (पुतळा पोकळ राहावा म्हणून भरलेला गाभा), रनर-रायझर (रस आत जायच्या आणि हवा निघायच्या वाटा), मग भट्टीत मेण जाळायचं आणि अकराशे-बाराशे डिग्रीचा रस ओतायचा, हे तू कॉलेजात वाचलं असशील. न वाचलेलं सांगतो. मेणाचं वजन कर. मेण पाच किलो भरलं तर धातू साधारण पंचेचाळीस ते पन्नास किलो लागणार, नऊ-दहा पटीचा हिशोब, फाउंड्रीवाला पण हाच धरतो. तुझ्या मापाच्या पुतळ्याला सहा मिलीमीटर जाडी पुरते. मेण लावणारा पोऱ्या कंटाळून जाड थर देतो, आणि या मापात एक मिलीमीटर जाडी वाढली की सात किलो धातू वाढतो, तुझ्या पैशानं. म्हणून मेणाच्या दिवशी तू तिथं हजर पाहिजेस. आणि मेण तुझ्या हातानं फिनिश कर, केस, भुवया, चष्म्याची काडी. फाउंड्रीतली माणसं हुशार असतात पण त्यांना तुझे साहेब माहीत नाहीत, ते सगळ्यांचे केस सारखेच काढतात.

पावसाळ्यात ओतू नको. माझं तिसरं का चौथं काम, उद्घाटनाची तारीख ठरलेली, मंत्री येणार, जुलैमध्ये ओतलं. मोल्ड वरून कोरडा वाटला पण आत ओल राहिली होती. रस आत गेला आणि वाफ होऊन सगळा उलटा बाहेर उडाला. माझ्या बुटावर पडला, कामगाराच्या दंडावर पडला. पुतळ्याचा डावा खांदा भरलाच नाही. माणूस वाचला हे महत्त्वाचं, पण खांदा वेगळा ओतून जोडला आणि ती जोडाची रेघ मला आजही दिसते, बाकी कोणाला दिसत नाही. चूक फाउंड्रीची नव्हती, ते म्हणत होते दोन दिवस अजून भट्टीत राहू दे, घाई मीच केली.

आणि आतून पुतळा कसा आहे ते बघायची सवय लाव. मालवणला राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला पडला, तेव्हापासून प्रत्येक समिती मला आधी विचारते की आत काय असतं. मी म्हणतो बरं झालं विचारताय. त्या पुतळ्यावर मी बोलत नाही, आपल्यापुरतं सांगतो. ब्राँझ आणि साधं लोखंड एकमेकांना टेकलं आणि पाणी मिळालं, त्यात खारी हवा असली तर मग विचारूच नका, की लोखंड झपाट्यानं गंजतं, ब्राँझला काही होत नाही. म्हणजे बाहेरून नवा दिसणारा पुतळा आतून खिळखिळा झालेला असतो. तुझा अर्धपुतळा छोटा आहे, पण बोल्ट स्टेनलेसचे वापर, कोअर आतून खरवडून पूर्ण काढ (राहिलेला कोअर स्पंजसारखं पाणी धरतो), कोअर अडकवायला घातलेले लोखंडी खिळे काढून त्या जागी ब्राँझच भर, आणि खाली पाणी निघायला एक बारीक भोक ठेव. कॉलरखालून हिरव्या-तांबड्या रेघा उतरलेले पुतळे बघितलेस ना, ते बहुतेक याच्यामुळे.

दगडाचं काय मग? दगड मला मनापासून आवडतो, म्हणून तुला नको म्हणतोय. वेरूळचं कैलास लेणं वरून खाली कोरत आणलंय, तेही आपल्याच काळ्या बेसॉल्टमध्ये, तेव्हा दगडाला नावं ठेवायची आपली लायकी नाही. पण पोर्ट्रेटचं गणित वेगळं आहे. काळा दगड सावली गिळतो, बारीक भाव लांबून दिसतच नाहीत, म्हणून देवाच्या मूर्तीत डोळे, ओठ ठसठशीत कोरतात. चष्म्याची काडी दगडात करायची तर ती चेहऱ्यालाच चिकटून ठेवावी लागते. अडीच बाय दोन बाय दीड फुटाचा ठोकळा घेतला तर सहाशे किलोच्या आसपास जातो, तो हलवायलाच चार माणसं आणि चेनपुली पाहिजे. ठोकळा घेताना हातोडीनं वाजवून बघ, घंटेसारखा वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत चीर आहे. पाणी ओतून सुकू दे, चीर असेल तिथं ओल रेघेसारखी मागं राहते. जाळीदार दगड असेल तर आत कुठं भोक लागेल ते सांगता येत नाही, ते नेमकं डोळ्यात लागतं, अनुभव आहे. पांढरा संगमरवर म्हणशील तर तो छताखालीच शोभतो. शिर्डीची साईबाबांची मूर्ती शिल्पकार तालीमांनी इटालियन संगमरवरात केली, १९५४ ला बसली, पण ती मंदिरात आहे. उघड्यावर पावसानं संगमरवराची पॉलिश जाते आणि कड बोथट होत जाते. आणि दगडात केलंस तरी आधी माती आणि प्लास्टर करावंच लागणार, त्यावरून पॉइंटिंग करून मापं दगडात उतरवायची, म्हणजे मातीतून सुटका नाहीच.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात, पण टाकी मारणाऱ्याच्या फुफ्फुसाला काय येतं ते कोणी सांगत नाही. माझ्याबरोबर काम करणारा एक पाथरवट, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, आज जिना चढताना मधे बसतो. बेसॉल्टमध्ये वाळूच्या दगडाच्या मानानं सिलिका कमी असते पण धूळ ती धूळच, आणि तो सगळ्या प्रकारचा दगड करायचा. ग्राइंडर चालवायचा तर पाणी सोडून, आणि रुमाल बांधून नाही, फिल्टरचा नीट बसणारा मास्क लावून. ब्राँझ घासताना पण तेच.

अजून एक पर्याय, समितीकडे पैसे कमी पडले तर. सिमेंट. नाक मुरडू नको. अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार करमरकरांचं घर आहे, आता संग्रहालय आहे, एकदा जाऊन ये. ज्या माणसानं १९२८ मध्ये पुण्यातला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा माझगाव डॉकमध्ये अखंड ओतला, त्याच माणसानं घरच्या अंगणात सिमेंटमध्ये म्हशी, कोळणी, शेजारपाजारची माणसं केलीत आणि ती बघताना मटेरियल कुठलं हे डोक्यात पण येत नाही. शिल्पकार म्हात्र्यांची मंदिरपथगामिनी, देवळाकडे निघालेल्या तरुणीचा तो गाजलेला पुतळा, तर १८९६ चा, प्लास्टरचा. सिमेंटला देखभाल लागते, आतली सळी गंजली की तडा जातो, पण वाईट ब्राँझपेक्षा चांगलं सिमेंट कधीही बरं.

तर माझं मत तुझ्या बाबतीत: मेणातून ब्राँझ, सहा मिलीमीटर, गडद ब्राऊन पॅटिना (धातूवर रसायनानं आणलेला रंग), वर मेणाचं कोटिंग. दगडाच्या बाजूच्या लोकांना चौथरा काळ्या दगडाचा द्या, सगळे खूश. मी हा तोडगा दोनदा वापरलाय.

पैशाचं. आकडा मी सांगत नाही कारण तांब्याचा भाव आज एक उद्या एक, कोटेशनवर पंधरा दिवसांची मुदत लिहीच. पण वाटणी सांगतो. माझ्या कामात एकूण रकमेतला चाळीस-पंचेचाळीस टक्के भाग फाउंड्रीला जातो, दहा-पंधरा मोल्ड, वाहतूक, क्रेन, बसवणं यात, आणि उरलं ते तुझं. पोरं काय करतात, फाउंड्रीचा रेट घेतात, वर थोडे टाकतात आणि मातीचे दोन महिने फुकट धरतात. तसं करू नको, मातीचे दिवस मोज, रोजचा दर लाव, गवंड्याला मिळतो त्यापेक्षा कमी तर नक्कीच नको. चौथऱ्याचं बांधकाम आपल्यात घेऊ नको. पैसे तीन हप्त्यात: सुरुवातीला तीस टक्के, क्लेवर सह्या झाल्या की चाळीस, त्याशिवाय ओतायचं नाही, आणि राहिलेले पुतळा वर्कशॉपमधून निघायच्या आधी. उद्घाटनानंतर देतो असं कोणी म्हणालं तर हसून चहा पाजायचा. मी एकदा तसं कबूल केलं होतं, हार-तुरे झाले, पेपरात फोटो आला, माझं नाव चुकीचं छापलं, आणि शेवटचा हप्ता तीन वर्षांनी आला, तोही अर्धा, कारण समितीच बदलली होती.

करारात एक ओळ अजून: पुतळ्याला रंग द्यायचा नाही. खरंच लिही. दरवर्षी जयंतीला उत्साही कार्यकर्ते सोनेरी ऑइल पेंटचा डबा घेऊन येतात आणि तुझी महिनाभर केलेली भुवई एका ब्रशात बुजते. दुधाचा अभिषेक करणार असतील तर लगेच साध्या पाण्यानं धुवायला सांग, दूध आंबलं की पॅटिनावर डाग धरतो. वर्षातून एकदा सौम्य साबणानं धुवून मेण चोळायचं, शाळेच्या शिपाईमामांना दाखवून ये, कमिटीपेक्षा ते नीट करतात.

राहिलं पोट भरतं का. नुसत्या पुतळ्यांवर? पहिली आठ-नऊ वर्षं माझं नाही भरलं. गणपतीच्या सीझनला पेणच्या एका कारखान्यासाठी साचे केले, ट्रॉफ्या केल्या, एका शाळेत चित्रकला शिकवली, दुसऱ्याच्या पुतळ्यांचे घोडे केले (घोडा मी बरा करतो, म्हणून बोलवायचे). बायकोची नोकरी होती, हे लोक मुलाखतीत सांगत नाहीत म्हणून मी सांगतो. आता वर्षाला तीन-चार कामं येतात आणि बरं चाललंय, पण निवडणुकीची आचारसंहिता लागली की चार महिने फोन वाजत नाही, तेव्हा तेवढी शिल्लक बाजूला ठेवायची. तुझ्याकडे फायबरचं काम आहे ते सोडू नको. तोच तुझा पगार आहे.

क्ले उभा राहिला की समितीला बोलवायच्या आधी बाजूच्या चेहऱ्याचे दोन्हीकडचे फोटो इथं टाक, आणि सोबत नातवाचा बाजूचा फोटो. त्यांची परवानगी असेल तरच. मी रात्री दहानंतर बघतो.